अंदाज सुधारेल तो समुद्रात

अरबी समुद्रात वादळाची चाहूल लागली की बंदरावर बावटा चढण्याआधी वाद पेटतो. एक बाजू म्हणते, कोट्यवधींचे महासंगणक आणले, उपग्रह सोडले, तरी अंदाज चुकतोच. त्यापेक्षा जुने तांडेल आभाळ आणि पाण्याचा रंग बघून सांगायचे ते बरं होतं. दुसरी बाजू म्हणते, तो काळ गेला. आता कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटभरात दहा दिवसांचा अंदाज देते, मग बोये (समुद्रात तरंगणारी मोजणीची यंत्रं), जहाजं, मोजमापं यांवरचा खर्च कशाला? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यातून एक गोष्ट निसटते. समुद्राचा अंदाज एकट्या संगणकातून निघत नाही आणि एकट्या मोजमापातूनही निघत नाही. रोज, दर काही तासांनी, या दोघांची सांगड घालावी लागते आणि ती सांगड जितकी पक्की तितका अंदाज पक्का. आपल्याकडे आज या जोडीतला लंगडा पाय संगणकाचा नाही, पाण्यातल्या नोंदींचा आहे. म्हणून पुढचा रुपया आधी पाण्यात गेला पाहिजे, आणि तो खर्च करताना रोज पाण्यात असणाऱ्या माणसांना सोबत घेतलं पाहिजे.

हे म्हणणं नवं नाही; अंदाजशास्त्राच्या जन्मापासून ते सिद्ध होत आलं आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात, संगणक नसताना, हाताने आकडेमोड करून हवामानाचा अंदाज काढून पाहिला. २० मे १९१० या दिवसाच्या नोंदी घेतल्या, भौतिकशास्त्राची समीकरणं मांडली आणि सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल ते काढलं. उत्तर आलं १४५ मिलिबार. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास जागचा हलला नव्हता. १९२२ मध्ये त्याने हे अपयश पुस्तकात जसंच्या तसं छापलं. मग समीकरणं चुकली होती का? नाही. अनेक दशकांनी हवामानशास्त्रज्ञ पीटर लिंच यांनी तीच समीकरणं, त्याच दिवसाच्या नोंदी घेऊन, पण सुरुवातीच्या आकड्यांमधला विस्कळीतपणा आधी काढून टाकून पुन्हा गणित केलं, तेव्हा उत्तर समंजस आलं. खोट सुरुवातीच्या चित्रात होती. आज रिचर्डसनच्या कल्पनेपलीकडचे संगणक आपल्याकडे आहेत. पण सुरुवातीचं चित्र चुकलं तर ते चुकीचं उत्तर फक्त अधिक वेगाने देतील.

समुद्रात तर ही अडचण हवेपेक्षा कितीतरी मोठी. हवेत फुगे जातात, विमानं नोंदी देतात, जमिनीवर वेधशाळा आहेत, उपग्रहांना वातावरणाचे थर आरपार दिसतात. पाण्याच्या आत मात्र उपग्रहाची नजर शिरत नाही. पृष्ठभागाचं तापमान, पाण्याची उंची, वरचा वारा, हिरवेपणा एवढंच त्याला कळतं. वादळाला बळ मिळतं ते खालच्या थरांतूनही. दोन ठिकाणी पृष्ठभाग सारखाच तापलेला असेल, पण एका ठिकाणी तो ऊबदार थर वीस मीटर जाड आणि दुसरीकडे ऐंशी मीटर. पहिल्या ठिकाणी वादळ आलं की ते पाणी घुसळतं, खालचं गार पाणी वर येतं आणि वादळाची भूक तिथेच मंदावते. दुसऱ्या ठिकाणी कितीही घुसळलं तरी वर येतं ते ऊबदार पाणीच. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरून असं घुसळणंच अडवतं, ही आणखी वेगळी गुंतागुंत. वादळ जमिनीला लागेल तेव्हा किती जोराचं असेल, हा प्रश्न म्हणूनच अर्धा पाण्याखालचा आहे.

ते पाण्याखालचं पाहण्यासाठी जगाने केलेली सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे ‘आर्गो’ या जागतिक मोहिमेचे तरंगक. साधारण माणसाच्या उंचीची एक नळी, डोक्यावर अँटेना. ती हजार मीटरवर जाऊन प्रवाहाबरोबर वाहत राहते, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरते आणि वर येता येता तापमान, क्षारता, दाब मोजत येते. पृष्ठभागावर आली की उपग्रहाला सगळं सांगते आणि पुन्हा बुडी मारते. बॅटरी संपेपर्यंत, वर्षानुवर्षं. १९९९ च्या सुमारास ही मोहीम सुरू झाली, नोव्हेंबर २००७ मध्ये तीन हजार नळ्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं. भारतही तिच्यात सामील आहे. तिचे आकडे चोवीस तासांच्या आत जगात कुणालाही फुकट मिळतात. पण दोन नळ्यांमधलं अंतर सरासरी तीनशे किलोमीटर आहे, आणि समुद्रातले भोवरे शंभर-दोनशे किलोमीटरचे. म्हणजे नळ्यांच्या मधून अख्खा भोवरा निसटू शकतो. मधली जागा भरायला मॉडेल, म्हणजे समीकरणांनी संगणकावर उभा केलेला समुद्र लागतो, आणि मॉडेलला ताळ्यावर ठेवायला नळी लागते.

ही सांगड नेमकी कशी घातली जाते हे समजलं की निम्मा वाद आपोआप मिटावा. समजा, मॉडेल म्हणतं की रत्नागिरीपासून दूर एका ठिकाणी ऊबदार थर पन्नास मीटर खोल आहे, आणि तिथे वर आलेली आर्गो नळी म्हणते सत्तर. कुणाचं ऐकायचं? पूर्ण ऐकायचं कुणाचंच नाही. नळीने अचूक मोजलं, पण एका क्षणी, एका बिंदूवर. मॉडेल सगळीकडे बोलतं, पण त्याचं चुकणंही ठाऊक आहे. म्हणून प्रत्येकाच्या संभाव्य चुकीच्या प्रमाणात दोघांना वजन देऊन मधला आकडा काढतात. या वजनाचं गणित रुडॉल्फ काल्मनने १९६० मध्ये मांडलं. १९९४ मध्ये गेयर एव्हेन्सन या नॉर्वेच्या शास्त्रज्ञाने ते समुद्रासारख्या अवाढव्य गोष्टीला झेपेल असं केलं: मॉडेल एकदा न चालवता थोड्याथोड्या फरकाने अनेकदा चालवायचं, आणि जिथे त्या प्रती एकमेकींपासून फार फाकतात तिथे मॉडेलवर कमी, मोजमापावर जास्त भरवसा ठेवायचा. त्या प्रतींवरूनच हेही कळतं की इथला थर खोल निघाला तर शेजारच्या पाण्याची उंची आणि प्रवाह कसे बदलायला हवेत. एका नळीची नोंद अशी आसपासच्या मोठ्या पट्ट्याला सुधारते. एवढ्याशा बोयाने अख्ख्या समुद्राचं काय कळणार, असं विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था हिंदी महासागरासाठी हेच काम करते, आणि तिथल्या गणिताची गुणवत्ता जगाच्या तोडीची आहे. कमी पडतं ते त्या गणितात घालायला लागणारं पाण्यातलं मोजमाप.

आता विरोधातला सर्वांत भक्कम मुद्दा. कृत्रिम बुद्धिमत्तेने हवामानाच्या अंदाजात खरोखर उलथापालथ केली आहे. २०२३ मध्ये पांगू-वेदर आणि ग्राफकास्ट ही दोन मॉडेलं पुढे आली आणि युरोपीय हवामान केंद्राच्या नावाजलेल्या मॉडेलला त्यांनी बहुतेक निकषांवर मागे टाकलं. तेही महासंगणकाला तासन्‌तास लागणारं काम एका यंत्रावर मिनिटभरात उरकून. समुद्रासाठीही अशी मॉडेलं येऊ लागली आहेत. याकडे पाठ फिरवणं मूर्खपणा ठरेल. गरीब देशांच्या हवामान खात्यांना यातून मोठी ताकद मिळू शकते, हेही मला मान्य आहे.

पण ही बुद्धिमत्ता शिकली कशावर? गेल्या काही दशकांचं हवामान, प्रत्येक दिवसाचं, जगभराचं, पुन्हा मांडून ठेवलेलं आहे. हवेसाठी ‘ईआरए-५’, समुद्रासाठी १९९३ पासूनचं ‘ग्लोरिस’. ते म्हणजे जुन्या मॉडेलांची आणि जुन्या मोजमापांची सांगडच. बोये, जहाजं, फुगे, आर्गोच्या नळ्या यांची दशकांची कमाई त्या शिदोरीत बांधलेली आहे. शिवाय रोज सकाळी अंदाज काढायला बसताना ‘आज समुद्र कसा आहे’ हे या नव्या मॉडेलांनाही सांगावंच लागतं, आणि ते सांगतं कोण? तीच जुनी सांगड. उद्या बोये काढून घेतले तर ही बुद्धिमत्ता शिळ्या शिदोरीवर जगेल, आणि तीही बदलत्या समुद्रात. अरबी समुद्र तापतो आहे, तिथली वादळं पूर्वीपेक्षा जोर धरू लागली आहेत. ज्या गोष्टी गेल्या तीस वर्षांत क्वचितच घडल्या, त्या केवळ जुन्या नोंदींतून शिकलेल्या मॉडेलला कशा ओळखू येणार?

उपग्रह आहेत ना, असं यावर म्हटलं जातं. उपग्रहांचं मोल मी कमी लेखत नाही. ओशनसॅट, सरल या आपल्या उपग्रहांनी समुद्राच्या अभ्यासात मोठी भर घातली आहे. पण १९८२ साल विसरू नये. त्या वर्षी मेक्सिकोत एल चिचोन ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची धूळ वातावरणात पसरली आणि उपग्रहाला प्रशांत महासागर होता त्यापेक्षा गार दिसू लागला. नेमका तेव्हाच शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक आकार घेत होता. जहाजांवरून येणाऱ्या नोंदी पाणी विलक्षण तापल्याचं सांगत होत्या. पण अंदाज केंद्रातल्या संगणकाला सरासरीपासून इतका दूरचा आकडा खोटा वाटावा अशी चाळणी लावलेली होती, म्हणून त्या नोंदी बाजूला पडल्या. तज्ज्ञांना एल निनो कळला तोवर तो अंगावर आला होता. या एका प्रसंगात दोन्ही बाजूंना धडा आहे. पाण्यातल्या मोजमापाशिवाय उपग्रह फसतो. आणि मोजमाप असूनही ते गणितात शिरू दिलं नाही तर असून नसल्यासारखं.

त्या धक्क्यातून अमेरिकेने विषुववृत्तीय प्रशांत महासागरात सुमारे सत्तर नांगरलेल्या बोयांची रांग उभी केली. १९९४ च्या अखेरीस ती पूर्ण झाली आणि एल निनोचा अंदाज हे शास्त्र तिच्या जोरावर उभं राहिलं. पुढे काय झालं? २०१२ मध्ये बोयांची देखभाल करणारं जहाज खर्चकपातीत निवृत्त केलं गेलं, आणि दोन वर्षांत त्या रांगेतून येणारी माहिती घसरून चाळीस टक्क्यांच्या आसपास उरली. बोये कुणी उखडले नव्हते. त्यांच्याकडे वेळेवर कुणी गेलं नाही, एवढंच. समुद्रातल्या यंत्रावर शेवाळ चढतं, शिंपले बसतात, साखळी झिजते, बॅटरी संपते. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्याच्या ‘आयआयटीएम’ या हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्का’ हा महासंगणक सुरू झाला, त्याचं उद्घाटन झालं, ते योग्यच झालं. बोयाच्या साखळीची दुरुस्ती करायला मात्र कुणी फीत कापत नाही, आणि अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी अशाच खर्चाला.

तांडेलाच्या अनुभवाचा दाखला देणाऱ्यांशीही बोललं पाहिजे, कारण त्यांच्या म्हणण्यात खूप तथ्य आहे. मतलई वारा कधी पडेल, उधाणाला कुठल्या खाडीच्या तोंडाशी लाट फुटते, पाण्याला कुठे ओढ आहे, हे पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान कुठल्याही मॉडेलच्या चौकोनात मावत नाही. पण केरळच्या किनाऱ्यावर ‘कल्लक्कडल’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या लाटा पाहा. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि अचानक उंच लाटा घरात शिरतात. त्या जन्मलेल्या असतात हजारो किलोमीटरवर, अंटार्क्टिकाजवळच्या दक्षिण महासागरात, काही दिवसांपूर्वीच्या वादळात. इथल्या आभाळात त्यांची एकही खूण नसते. त्या लाटा दूरवर उठल्याचं उपग्रह टिपतो, त्या कधी पोहोचतील ते मॉडेल सांगतं आणि वाटेतले बोये ते पडताळतात. या तिघांवाचून अनुभवी डोळ्यालाही इथे काही दिसणार नाही.

आणि अंदाज चुकतो म्हणून तो टाकून द्यावा का? हा प्रश्नही जुना आहे. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात बुडून चारशेहून अधिक माणसं गेली, तेव्हा ब्रिटनमध्ये नौदल अधिकारी रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारयंत्राने किनाऱ्यांवरच्या नोंदी गोळा करून १८६१ पासून वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. अंदाज अनेकदा चुकायचे, विद्वान टीका करायचे. १८६५ मध्ये फिट्झरॉय यांनी आत्महत्या केली आणि पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीच्या सल्ल्यावरून ‘पुरेसे शास्त्रीय नाहीत’ म्हणून इशारे बंद झाले. त्यावर ओरड केली ती बंदरांनी आणि दर्यावर्दी लोकांनी. अधूनमधून चुकणारा इशाराही ज्यांच्या जिवाशी निगडित होता, त्यांना तो हवा होता. १८६७ मध्ये इशारे परत सुरू करावे लागले.

सर्वांत जिव्हारी लागणारा आक्षेप वेगळाच आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते येण्याच्या कितीतरी आधी हवामान खात्याने इशारे दिले होते. तरी मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ ही तराफावजा निवासी बार्ज २६१ माणसांसह तिथेच राहिली, वादळात तिचे नांगर तुटले आणि ती बुडाली. त्या दुर्घटनेत आणि त्याच वादळात बुडालेल्या एका टगबोटीवर मिळून ऐंशीहून अधिक जीव गेले. अंदाज बरोबर असून माणसं मेली. मग अंदाजावर पैसे का घालायचे, इशारा पोहोचवण्यावर आणि तो पाळायला लावण्यावर का नाही? हा प्रश्न मी टाळणार नाही. इशारा मिळूनही माणसं समुद्रात ठेवणाऱ्यांचा हिशेब व्हायलाच हवा, आणि तो कुठल्याही मॉडेलने होणार नाही.

पण याच्या शेजारी ओखी ठेवून पाहा. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस कन्याकुमारीजवळ ते वादळ अगदी थोड्या वेळात उभं राहिलं. तामिळनाडू-केरळच्या कितीतरी नौका तेव्हा किनाऱ्यापासून कित्येक दिवसांच्या अंतरावर मासेमारीला गेलेल्या होत्या. इशारा निघाला, पण तो निघेपर्यंत परतण्याइतका वेळ अनेकांजवळ उरला नव्हता, आणि संदेश पोहोचण्याची सोयही नव्हती. शेकडो माणसं गेली. नऊशेहून अधिक मच्छीमार वादळातून वाट काढत थेट आपल्या देवगडच्या बंदरात येऊन पोहोचले. बंदरापासून दोन दिवसांवर असलेल्या नौकेला एका दिवसाचा इशारा म्हणजे बातमी असते, मदत नव्हे. इथे पोहोचवणं आणि आधी ओळखणं ही दोन्ही कामं लागतात. ओडिशाने हे करून दाखवलं: १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास बळी गेले, आणि २०१३ मध्ये तशाच धाकाचं फायलिन आलं तेव्हा बळींचा आकडा पन्नासच्या आत राहिला. लाखो माणसं हलवता आली ती निवारे होते म्हणून, यंत्रणा होती म्हणून, आणि कुठल्या तारखेला कुठल्या पट्ट्यातून माणसं हलवायची हे काही दिवस आधी ठामपणे सांगता आलं म्हणून.

या सगळ्या चर्चेत ज्यांना फक्त ‘इशारा घेणारे’ समजलं जातं, त्या मच्छीमारांविषयी आता बोलतो. हिंदी महासागरात ‘रामा’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात ४६ नांगरलेल्या बोयांची योजना होती. सोमालियाच्या चाचेगिरीने पश्चिमेकडचं काम वर्षानुवर्षं रखडलं, आणि इतरत्र एक मोठी डोकेदुखी राहिली ती बोयांच्या मोडतोडीची. चेन्नईच्या ‘एनआयओटी’ या सागर तंत्रज्ञान संस्थेच्या बोयांनाही तोच त्रास होतो. यावर कडक शिक्षेची मागणी होते. मोडतोडीचं समर्थन मी करत नाही; एक तुटलेला संवेदक म्हणजे वादळाच्या वाटेवरचा एक आंधळा पट्टा. पण ती का होते ते बघा. उघड्या समुद्रात स्थिर उभ्या असलेल्या कुठल्याही वस्तूखाली सावलीला मासे जमतात. मासा आहे तिथे नौका येणार, जाळं अडकणार, दोर बांधला जाणार. हे पिवळं यंत्र आपल्याच जिवासाठी पाण्यात उभं आहे, हे त्या खलाशाला कधी कुणी त्याच्या भाषेत, त्याच्या धक्क्यावर येऊन सांगितलं? २०१९ मध्ये मच्छीमारांसाठी ‘जेमिनी’ हे उपकरण आलं, किनाऱ्यापासून दूरही उपग्रहावरून इशारा मिळवून देणारं. चांगलीच गोष्ट. पण त्यात माहिती एकाच दिशेने जाते, सरकारकडून नौकेकडे. दर्यात असलेल्या माणसाला काही विचारण्याची सोय त्यात नाही.

ही सोय पावणेदोनशे वर्षांपूर्वी एकाने केली होती. अमेरिकन नौदलातल्या मॅथ्यू मॉरीने १८४० च्या दशकात जहाजांच्या कप्तानांशी साधा सौदा केला: तुम्ही तुमच्या रोजनिशीतल्या वाऱ्या-प्रवाहांच्या नोंदी ठरलेल्या नमुन्यात मला पाठवा, मी त्यातून बनवलेले नकाशे तुम्हाला फुकट देतो. त्या नकाशांनी प्रवासाचे दिवस वाचले, म्हणून आणखी कप्तान सामील झाले, म्हणून नकाशे आणखी सुधारले. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला अनेक देशांची परिषद भरली ती याच पद्धतीच्या नोंदी सगळ्यांनी ठेवाव्यात म्हणून. आज हे पुन्हा होतं आहे. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर २००१ पासून लॉब्स्टरच्या पिंजऱ्यांना तापमान मोजणारी यंत्रं बांधली जातात. न्यूझीलंडमध्ये मासेमारी नौकांच्या जाळ्यांवर हातभर लांबीचेही नसलेले संवेदक बसवले गेले. जाळं खाली गेलं की ते खोलीसोबत तापमान मोजतात, वर आलं की आपोआप आकडे पाठवतात, आणि ते थेट तिथल्या समुद्राच्या मॉडेलच्या सांगडीत जातात. आर्गो जिथे फिरकत नाही त्या उथळ, किनाऱ्यालगतच्या पाण्यात या नौका रोज जाळं टाकत असतात.

कोकणात हे का होऊ नये? डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत हजारो यांत्रिक नौका आहेत. त्या ज्या उथळ पट्ट्यात वावरतात, नेमक्या त्याच पट्ट्यातलं पाणी आपल्या मॉडेलांना सर्वांत कमी ठाऊक आहे. अडचणी आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. मासा कुठे लागतो हे कुठलाही नाखवा दुसऱ्याला सांगत नाही. संवेदकातून ती जागा फुटेल ही भीती रास्त आहे. म्हणून तापमान सांगडीत जावं आणि नौकेचं नाव-ठिकाण कुणाच्याही हाती लागू नये, याची लेखी हमी हवी. ती मच्छीमार सहकारी संस्थांच्या साक्षीने हवी, आणि ती मोडली तर दाद कुठे मागायची हे आधी ठरलेलं हवं. संवेदक सरकारने द्यावा, दुरुस्तीही सरकारनेच करावी. बदल्यात त्या नौकेला तिच्या नेमक्या पट्ट्याचा प्रवाह आणि पाण्याखालच्या तापमानाचा अंदाज रोज मराठीत मिळावा, म्हणजे आकडे पाठवण्यात तिचाही फायदा असेल. समुद्रविज्ञानाचं ज्ञान जवळच आहे: गोव्यात दोना पावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, पुण्यात ‘आयआयटीएम’ आहे, हैदराबादला ‘इन्कॉइस’ आहे. जून-जुलैच्या बंदीच्या काळात नौका किनाऱ्याला ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला बाहेर काढलेली असतात. संवेदक बांधायला याहून सोयीचा वेळ नाही. हर्णे, मिरकरवाडा, देवगड, वसई अशा बंदरांतल्या शंभर नौकांपासून सुरुवात केली तरी पहिल्या हंगामात कळेल की त्यांच्या नोंदींनी किनाऱ्यालगतचा अंदाज किती सुधारला. तो फरक मोजण्याची पद्धतही ठरलेली आहे: नौकांच्या नोंदी घालून एकदा आणि न घालता एकदा मॉडेल चालवायचं, आणि कुठल्या चालवण्याने खरा समुद्र जवळून गाठला ते पाहायचं.